डाव्या हाताचे टाके

या ग्रुपवर मी तीन-चार वर्षांपासून आहे, पण आजवर एक ओळ लिहिली नाही. दुपारी डबा खाताना इथले भुताखेतांचे अनुभव वाचायचे, मनातल्या मनात हसायचं आणि मोबाईल बाजूला ठेवून पुढच्या म्हशीकडे वळायचं... एवढंच माझं इथलं नातं. कुणाला वाईट वाटलं तर क्षमा करा. माझी घडणच तशी आहे. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीपासून घरात अंगात येणं नाही, लिंबू-मिरची नाही, उतारा नाही. वडील वरठीच्या पोलाद कारखान्यात होते. गावातली पोरं म्हणायची की शाळेमागच्या चिंचेखाली दिवेलागणीला एक बाई येऊन बसते. बाबांनी एका संध्याकाळी मला सायकलच्या नळीवर बसवलं, त्या चिंचेखाली नेलं आणि म्हणाले, बस, येते का पाहू. आम्ही दोघं तासभर चिंचा खात बसलो. कुणी आलं नाही. माझ्यापुरता तो विषय तिथेच संपला होता.

तर आता माझ्याबरोबर जे झालं ते सांगते. शक्य तितकं जसंच्या तसं.

मी गुराढोरांची डॉक्टर आहे. राहते साकोलीला. दवाखाना तिथून अठरा-वीस किलोमीटर आत, नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावंही बदललीत. दोन वर्षांपूर्वीचे दिवाळीच्या आधीचे दिवस. हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापणीला आलेला, भारी धान अजून उभा. त्या दिवशी भंडाऱ्याला आमची बैठक होती, लसीकरणाच्या आढाव्याची. सकाळी साकोलीहून एका सहकाऱ्याच्या गाडीतून गेले. दहाला हजेरीपटावर सही केली आणि संध्याकाळी पाचपर्यंत मी त्या हॉलमध्ये होते. मध्ये जेवणाची सुट्टी झाली, तेव्हाही आवाराबाहेर पडले नाही. हे मी नीट लिहितेय कारण पुढे सगळं यावरच आहे.

जेवणानंतर पडद्यावर आकडे दाखवणं चालू झालं. दिवे मालवलेले, पंखे चालू, अर्धे लोक पेंगलेले. साडेतीनच्या सुमाराला मला अचानक वास आला – ताज्या, कोमट रक्ताचा. माझ्या धंद्यात हा वास नवा नाही, पण तो त्या हॉलमध्ये यायचं कारण नव्हतं. आणि तो माझ्या हातांना येत होता. बोटं चिकट लागत होती. मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर हात स्वच्छ. मी बाहेर जाऊन साबणाने हात धुतले, परत येऊन बसले, पुन्हा उठून धुवून आले. शेजारच्या मॅडमनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, भाजीत तेल जास्त होतं.

एवढंच. घरी येईपर्यंत मी ते विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. तपास करणाऱ्या सबइन्स्पेक्टर साहेबांनी सरळ विचारलं की काल दुपारी तुम्ही देवराम नावाच्या शेतकऱ्याच्या घरी बैल शिवायला गेला होता का? मी म्हटलं, नाही. नक्की? मी म्हटलं, साहेब, मी काल दिवसभर भंडाऱ्याला होते. ते म्हणाले, मग तेवढं लिहून द्या.

दवाखान्यात पोचले तेव्हा आमचे परिचर हरिभाऊंनी सगळं सांगितलं. देवराम आणि माणिक हे चुलतभाऊ. दोघांच्या बांध्या – म्हणजे धानाची वाफेवजा शेतं – एकाच बोडीच्या पाण्यावर. बोडी म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. शेवटच्या पाण्यावरून आदल्या सकाळी दोघांत चांगलीच बोलाचाली झाली होती, चार लोकांसमोर. संध्याकाळी माणिक त्या बोडीच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मरून पडलेला सापडला. डोक्याला मागून खोल जखम. आणि लोक देवरामला सांगायला गेले तर तो अंगणात बसलेला, बंडी रक्ताने माखलेली, खांद्यावरच्या दुपट्ट्यावर रक्त.

त्याचं म्हणणं असं होतं की दुपारी रानडुकराने बैलाची मांडी फाडली. डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी टाके घातले, आपण बैल धरून होतो, हे रक्त बैलाचं आहे. पोलिसांनी मॅडमला विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या.

मी जबाब लिहून दिला. सोबत हजेरीपटाची प्रत दिली. बैठकीचा फोटोही दिला, पावणेचार वाजता कुणीतरी ग्रुपवर टाकलेला. दुसऱ्या रांगेत मी दिसते. खरं ते लिहिलं होतं, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. देवराम आत गेला.

पाचव्या दिवशी त्याची बायको दवाखान्यात आली. सुनंदा. पस्तिशीची असेल. मला वाटलं, ही आता रडेल किंवा भांडेल. ती बाकड्यावर बसली, आधी दोन लोकांच्या शेळ्या होऊ दिल्या आणि मग माझ्यासमोर उभी राहून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मॅडम, तुमी आल्या होत्या ना. मंग काहून नाही म्हणून राहिल्या?"

मी तिला समजावलं. भंडाऱ्याची बैठक सांगितली, मोबाईलवरचा फोटो दाखवला. तिने तो फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली की हे तर तुम्हीच आहात, पण त्या दिवशी माझ्या अंगणातही तुम्हीच होता. मी म्हटलं, दुसरी कुणी असेल. ती म्हणाली, दुसरी बाई डॉक्टर हाय कुठं इकडं?

ते खरं होतं. आमच्या त्या पट्ट्यात मी एकटीच.

मग मी तिला काय-काय झालं ते सांगायला लावलं. खरं तर तिची चूक पकडायची म्हणूनच. ती म्हणाली, दुपारी तीनच्या सुमाराला तुम्ही पायीच आलात, गाडी नव्हती. हातात बॅगही नव्हती. बैलाच्या जखमेवर आम्ही हळद आणि राख भरली होती, त्यावरून तुम्ही मला रागावलात. गरम पाणी मागितलं. धागा नाही म्हणालात, आणि विचारलं की घरी मासोळीच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा आहे का. माझ्या सासऱ्याच्या जाळ्याचा होता. तो आणि पोतं शिवायचा दाभण तुम्ही पाण्यात उकळायला लावला, चांगला वीस मिनिटं, आणि त्यानेच शिवलं.

इथे मी तिची चूक शोधायचं थांबवलं. कारण हे मी एकदा केलं आहे. एकदाच. पहिल्या नेमणुकीवर, तुमसरकडच्या एका खेड्यात, पुराने रस्ता तुटलेला, जवळ काही सामान नाही आणि एक गाय फाटून पडलेली. तेव्हा मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरून जाळ्याचा धागा आणून, दाभणासकट उकळून शिवलं होतं. पुस्तकात हे बसत नाही म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. गाय जगली आणि मी गप्प बसले.

मी हरिभाऊंना दवाखाना सांभाळायला सांगितला आणि सुनंदाला स्कूटीवर मागे बसवून तिच्या गावी गेले. त्या गावात मी याआधी दोनदा लसीकरणाला गेले होते, पण तिच्या घरी कधी नाही. एवढं मला नक्की माहीत आहे.

बैलाचं नाव खैऱ्या. तांबूस, उंच, आणि मारका. सुनंदा म्हणाली, परक्या माणसाला कोठ्यात येऊ देत नाही, शिंग मारतो, जरा बाजूनं या. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले. खैऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, फुरफुरला आणि अंग फिरवून जखमेची मांडी माझ्याकडे करून उभा राहिला. मी जवळ गेले तरी हलला नाही. माझ्या खांद्याला नाक लावून हुंगत राहिला. एकदा सुई टोचणाऱ्या डॉक्टरला जनावर विसरत नाही, हे मला रोज दिसतं. पण बहुतेक वेळा ते पळतं.

जखम वीतभर लांब होती. अकरा टाके. खालच्या टोकाला बोटभर जागा मोकळी ठेवलेली, आतलं पाणी निघून जावं म्हणून. मी अशीच ठेवते. तरी एवढ्याने काही सिद्ध होत नाही, बरेच डॉक्टर ठेवतात. पण मी डावखुरी आहे. सुई माझ्या डाव्या हातात असते. कॉलेजात सरांनी आरशासमोर बसवून मला गाठ शिकवली होती, उलटी. त्यामुळे माझे टाके इतरांपेक्षा दुसऱ्या बाजूला कलतात आणि गाठींचा पीळही उलटा असतो. शिवाय मी तिसरा वेढा अर्धाच घेते. ही माझी खोड, सर त्यावरून ओरडायचे.

मी खाली वाकून एकेक गाठ पाहिली. अकराच्या अकरा.

आपलंच अक्षर एखाद्या अनोळखी वहीत सापडावं, तसं वाटलं. भीती नंतर आली. पहिल्यांदा वाटली ती लाज – की या टाक्यांना मी लिहून-सही करून नाकारलंय.

मी फोटो काढले. संध्याकाळी नवऱ्याला दाखवले. तो विज्ञानाचा मास्तर, माझ्यापेक्षा कडक. त्याने फोटो मोठे करून पाहिले आणि विचारलं, तू शिकवलेलं कुणी आहे का? मी कुणाला शिकवलेलं नाही. मग मी त्याला बैठकीतला तो वास सांगितला. त्याने मोबाईल माझ्या हातात परत दिला. म्हणाला, ते राहू दे, आधी त्या माणसाचं पाहा.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. साहेब वाईट नव्हते. टेबलावर कागदांचा ढीग, डोळे लाल, पण ऐकून घेणारे. मी म्हटलं, मला पुरवणी जबाब द्यायचाय. काय लिहू म्हणाले. मी म्हटलं, मी तिथे गेले नव्हते हे खरं आहे. पण बैलाला घातलेले टाके माझ्या हातचे आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, यातलं एक लिहा. दोन्ही लिहिता येत नाही."

त्यांची अडचण मला कळत होती. ते म्हणाले, बैलाला जखम आहे हे आम्हीही पाहिलंय. पण हा म्हणतो मॅडमनं शिवलं, मॅडम भंडाऱ्याला. म्हणजे हा एक गोष्ट खोटी सांगतोय. मग बैलाची मांडी यानेच विळ्याने फाडली नसेल कशावरून, अंगावरच्या रक्ताला कारण दाखवायला? आणि शिवून घेतली असेल कोणातरी खासगी माणसाकडून.

त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा नीट समजलं की त्या माणसाच्या गळ्याभोवती जे आवळत चाललं होतं ते माझं खरं बोलणं होतं.

मी विचारलं, कपडे तपासायला पाठवले का? म्हणाले, पाठवायचेच आहेत, नागपूरला, माणिकच्या रक्तगटाशी जुळतं का पाहायला. मी म्हटलं, गटाच्या आधी जात पाहायला सांगा. ते चमकून बघायला लागले तेव्हा मी म्हटलं, माणसाची नाही साहेब, प्राण्याची. हे रक्त मुळात माणसाचं आहे की जनावराचं, आणि जनावराचं तर कोणत्या.

इथे थोडं समजावून सांगते, कारण लोकांना वाटतं रक्त ते रक्त. वाळलेला डाग पाहून कुणीही सांगू शकत नाही की तो माणसाचा, बैलाचा की कोंबडीचा. मी इतकी वर्षं रक्तात हात घालतेय, मलाही सांगता येत नाही. डागातला धागा कापून मिठाच्या पाण्यात भिजवतात. तो अर्क एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला वेगवेगळे रक्तद्रव ठेवतात – एक फक्त माणसाचं रक्त ओळखणारा, एक गाय-बैलाचं, एक शेळीचं, असे. जो ओळखतो त्याच्या आणि अर्काच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ उमटते. बाकीचे तसेच राहतात. एवढंच. ती रेघ पाहणाऱ्याला कुणाचं भांडण कुणाशी होतं ते माहीत नसतं, आणि रेघेलाही नाही.

साहेबांना ते पटलं. त्यांनी पत्रात तसं लिहिलं. तुलनेसाठी खैऱ्याच्या रक्ताचा नमुना मी स्वतः, त्यांच्या माणसासमोर, काढून दिला. बोडीच्या पाळीखालचा एक दगडही पंचांसमोर उचलला होता, त्यावर डाग आणि केस होते. तोही गेला. माझ्या पुरवणी जबाबात शेवटी एवढंच लिहिलं गेलं की जखम रानडुकराच्या सुळ्याने झालेली दिसते, विळ्याची नाही. अशा जखमेतून भरपूर रक्तस्राव होतो. टाके शिकलेल्या, डावखुऱ्या हाताने घातलेले आहेत. कुणाच्या, ते लिहिलं नाही. साहेबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी टाके काढायला गेले. सुनंदाला मी म्हटलं होतं की दुसऱ्या कुणाला पाठवते. ती म्हणाली, तुमीच काढा, तुमचेच हायेत. मी एकेक गाठ चिमट्याने उचलून कात्री लावत गेले. खैऱ्या उभा होता. माझ्याही नकळत मी त्याला तेच म्हणत होते जे मी सगळ्यांना म्हणते, झालं रे राजा, झालं. सुनंदा मागून म्हणाली, त्या दिवशी बी असंच म्हणत होत्या. मी मागे पाहिलं नाही. अकरा तुकडे कागदात बांधून पोलिसांना दिले. तो कागद आता कुठे आहे मला माहीत नाही.

नागपूरचा अहवाल यायला खूप दिवस लागले. त्या काळात देवराम आतच होता. त्याचा धान भावकीतल्या कुणीच कापला नाही. सुनंदाने माहेरच्या दोन बायांना बोलावून कापला. गावाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मी आठवड्यातून एकदा काही ना काही निमित्ताने तिकडे जायची. ती चहा करायची, आणि आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नसू. माझ्यावर तिचा राग नव्हता. तिच्या दृष्टीने मी आले होते, शिवून गेले होते, आणि काहीतरी अडचण असल्यामुळे ते कबूल करत नव्हते. मोठ्या लोकांच्या अडचणी असतात, एवढं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

मग एका सकाळी साहेबांचा फोन आला. बंडीवरचं आणि दुपट्ट्यावरचं रक्त गाय-बैल वर्गाचं. माणसाचं रक्त त्या कपड्यांवर कुठेच सापडलं नाही. दगडावरचं रक्त माणसाचं. पुढे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचंही मत आलं की जखम वरून उताणं पडून दगडावर आपटल्याने होऊ शकते. माणिकला तरुणपणापासून फिट यायच्या, हे त्याच्याच घरच्यांनी सांगितलं. पाळीवरून जाताना त्याला फिट आली असावी. देवराम सुटला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. खूप वाळला होता. मला वाटत होतं तो काहीतरी कडवट बोलेल, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती. त्याने खैऱ्यासाठी जंताचं औषध मागितलं. मी दिलं. मग मीच विचारलं. म्हटलं, देवरामभाऊ, मी तिथे नव्हते असं मी आजही म्हणते. पण तुम्ही सांगा, टाके झाल्यावर... त्या बाई गेल्या कुठे?

तो गोंधळला. 'त्या बाई' हे त्याला कळलंच नाही.

"तुमी चहाले नाही म्हणाल्या," तो म्हणाला. "म्हणाल्या, मीटिंग हाय, जा लागते. अन् बोडीच्या पाळीनं पायीच निंगाल्या."

मीटिंगचं मी सुनंदाला नंतर सांगितलं होतं, पण त्या दुपारी त्या गावात ते कुणाला माहीत असायचं काहीच कारण नव्हतं.

आता तुम्ही लोक खाली लिहाल ते मला माहीत आहे, कारण मी स्वतः ते सगळं करून बसलेय. दुसऱ्या कुणी शिवलं असेल – मग ती बाई, डावखुरी, आणि माझ्या गाठीची खोड असलेली कोण? देवराम-सुनंदा खोटं बोलत असतील – मग टाके कुठून आले, आणि उकळलेल्या धाग्याचं त्यांना कुणी सांगितलं? मी स्वतःच गेले आणि विसरले – साठ किलोमीटर जाऊन-येऊन, हजेरीपटावर आणि फोटोत राहून? डोक्याचा स्कॅनही काढून घेतला, नवऱ्याच्या आग्रहाखातर. काही निघालं नाही. आजही मी भुतावर विश्वास ठेवत नाही, आणि इथे तर भूतही नाही. मेलेलं कुणी आलं असतं तर निदान त्याला एक नाव देता आलं असतं. जी आली ती मीच होते, आणि मी जिवंत आहे.

पण मी हे लिहायला बसले ते या सगळ्यामुळे नाही. ते गेल्या महिन्यात घडलेल्या एका गोष्टीमुळे.

माणिकची बायको, इंदू, दवाखान्यात आली. याआधी मी तिला लांबून पाहिलं होतं, बोलले कधीच नव्हते. बरोबर एक शेळी होती. शेळीला काही झालं नव्हतं. मी उगाच तोंड उघडून पाहिलं, ताप पाहिला, टॉनिक दिलं. ती गेली नाही. हरिभाऊ बाहेर गेल्यावर म्हणाली,

"मॅडम, तुमी त्या दिवशी पाळीवरून गेल्या म्हणते सुनंदा. माह्या माणसाले पायलं का तुमी?"

मी म्हटलं, इंदूताई, मी त्या दिवशी भंडाऱ्याला होते. ती मान हलवत राहिली. ते मला मालूम आहे, ती म्हणाली, कागदावर तसंच आहे. मला कोणावर काही टाकायचं नाही. देवराम भावजीचा काही दोष नाही, तेही कळलं. फक्त तेवढंच सांगा – तुम्ही गेला असाल त्या वक्ताला, तर त्याचा जीव होता का? पाणी मागत होता का? की लगेच गेला होता?

दोन वर्षं ती बाई हे मनात ठेवून होती. डॉक्टरांनी वेळ सांगितली होती ती दुपारी तीन ते पाचच्या मधली. आणि तिच्या माहितीत त्या वेळी त्या पाळीवरून जाणारी एकच व्यक्ती होती.

मला खोटं बोलता आलं असतं. लगेच गेला, त्रास झाला नाही, एवढे चार शब्द. ती ते घेऊन घरी गेली असती आणि बहुतेक नीट झोपली असती. मी तोंड उघडलंही. पण जिच्या वतीने मी बोलणार होते तिने काय पाहिलं ते मला माहीत नव्हतं. आणि मनात दुसरंच आलं – की ती, जी कोणी होती ती, बैलासाठी साठ किलोमीटरवरून आली, उकळत्या पाण्याजवळ वीस मिनिटं थांबली, अकरा टाके घातले... आणि तीच पुढे पाळीवरून गेली असेल, तर खाली पडलेल्या माणसापाशी ती थांबली का नाही?

मी म्हटलं, मला माहीत नाही.

इंदू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. जरा वेळ दिला तर मला आठवेल, असं तिला वाटत असावं. मग तिने शेळीचा दोर सोडला, औषधाची बाटली पदरात गुंडाळली आणि दारापाशी वळून म्हणाली,

"आठोलं तं सांगजा मले."

तेव्हापासून मी दोनदा स्कूटी घेऊन त्या बोडीपर्यंत गेले. एकदा तर पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, दुपारी, साडेतीनच्या सुमारालाच. पाणी, बेशरमाची झुडपं, पलीकडे बांध्या. खाली दगड. मी उभी राहून मनापासून आठवायचा प्रयत्न केला. जे मी पाहिलंच नाही ते आठवायचा. काही आलं नाही. नुसते हात तेवढे पुसत राहिले.

याचा उलगडा माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल असंही वाटत नाही. असलाच तर मला तो माझ्यासाठी नकोय... इंदूला काय सांगू, तेवढं कळलं तरी पुरे.